पाद्रीबाबांचा लग्नाचा धडा

आमगावच्या मराठी शाळेत मास्तर असताना मी जवळजवळ पाच वर्षं एका कॅथलिक पाद्र्यांना मराठी शिकवलं. शिकवलं कसलं, बराच वेळ त्यांच्याशी भांडलो. ते परदेशी होते, नागपूरकडून महिन्यातून एकदा गोंदियाला येत, आणि रेल्वेच्या वसाहतीतल्या ख्रिस्ती घरांची विचारपूस करून, प्रार्थना घेऊन परत जात. सगळे त्यांना पाद्रीबाबा म्हणत. ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचा.

त्यांना मास्तर कशाला हवा होता ते सांगतो. वसाहतीतली बहुतेक ख्रिस्ती माणसं इंग्रजी नाहीतर हिंदी बोलणारी. पण फाटकवाला, पाणी भरणारा, साहेबांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या दोन बाया, असली चारपाच घरं आपल्याकडची, मराठी बोलणारी होती. त्यांच्या मुलांना धर्म शिकवायला पाद्रीबाबांकडे प्रश्नोत्तरांचं एक मराठी पुस्तक होतं. ते कोकणाकडच्या कोणी तरी केलेलं. मुलं ते घडाघडा म्हणायची आणि अर्थ विचारला की छताकडे बघायची. पाद्रीबाबांना ते पुस्तक पुन्हा लिहून हवं होतं, फाटकवाल्याच्या बायकोला एकदा ऐकून कळेल अशा भाषेत. आमच्या शाळा तपासणीसांनी त्यांना माझं नाव सांगितलं.

घरी मायला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू तेथी काऊन जाऊन राहिला? बाटवतील तुले." खरं सांगायचं तर भीती मलाही होती. पहिले काही महिने गोंदियाहून परत आलो की मी अंगणातच आंघोळ करायचो आणि मग घरात पाऊल टाकायचो. पाद्रीबाबांना हे कधी तरी समजलं असणार, कारण एकदा त्यांनी मला संध्याकाळच्या गाडीची आठवण करून देताना, थंडीचे दिवस आहेत, आंघोळीला उशीर होईल, असं अगदी सहज म्हटलं. मी लाजलो. ते मात्र लगेच वहीकडे वळले.

पहिल्याच दिवशी मी एक अट घातली होती. मला पटलं नाही तरी मी लिहीन, पण मला कळलं नाही ते लिहिणार नाही. त्यांना ही अट फार आवडली. ते म्हणाले की पटवण्याचं काम त्यांचं नाहीच, ते देवाचं. समजावण्याचं मात्र त्यांचं आहे, आणि त्यात ते कमी पडले तर मी स्पष्ट सांगावं. मग ते येत त्या शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी पॅसेंजर पकडायचो आणि त्यांच्या खोलीत जाऊन बसायचो. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर क्रूस. ते सायकलवरून वसाहतीत फिरून आलेले असत. भात आणि लाखोरीची डाळ ते आमच्यासारखीच हाताने खात, आणि जेवण झालं की आम्ही कामाला लागत असू.

काम सोपं नव्हतं. पहिलं भांडण पापाच्या कबुलीवरून झालं. त्यांच्यात माणूस पाद्र्याजवळ जाऊन आपली पापं सांगतो. मी लिहिलं, 'कबुलीजबाब'. त्यांनी विचारलं की हा शब्द ऐकून इथल्या माणसाला काय आठवतं. मी म्हटलं, पोलीस ठाणं. मग तो शब्द गेला. मी विचारलं की देवाला जर सगळं ठाऊकच आहे, तर मध्ये माणूस कशाला हवा. पाद्रीबाबांनी आधी सांगितलं की पापांची क्षमा करण्याचा अधिकार ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना दिला, असं त्यांची श्रद्धा सांगते. आणि मग म्हणाले की माणसाचा न्याय त्याच्या स्वतःच्याच हातात दिला तर काही जण स्वतःला फार लवकर माफ करतात आणि काही जण मरेपर्यंत करत नाहीत. दोघांनाही बाहेरून कोणी तरी सांगावं लागतं. हे मला कळलं. शब्द मात्र सापडेना. शेवटी फाटकवाल्याची बायको खोली झाडायला आली होती, तिलाच विचारलं की तू पाद्रीबाबांजवळ जाऊन काय करतेस. ती म्हणाली, "सांगून मोकरी होतो." आम्ही 'सांगून मोकळं होणं' असंच लिहिलं.

असे दोन पावसाळे गेले. पाद्र्यांनी लग्न का करायचं नाही, मेलेल्यांसाठी प्रार्थना का करायची, शुक्रवारी मांस का खायचं नाही, सगळ्यांवर आम्ही बोललो. काही गोष्टी मला पटकन उमगल्या, कारण आपल्याकडेही उपास आहेत, घरदार सोडलेले साधू आहेत. काही अजूनही उमगलेल्या नाहीत. त्या लिहिताना मी शब्द तेवढे नीट लावले, आणि पाद्रीबाबांना तसं सांगितलंही.

मग लग्नाचा धडा आला.

इथे मला माझ्या घराबद्दल सांगितलं पाहिजे. माझं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं. सगळे उपाय करून झाले होते. माय त्या वर्षी माझ्यासाठी दुसरी मुलगी बघत होती. पहिली बायको घरात ठेवून दुसरी करणं तेव्हा कायद्याला चालत होतं आणि जातीलाही. दरेकशाच्या एका शेतकऱ्याची मुलगी मायने पसंत केली होती. माझ्या बायकोला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "करून घ्या तुमी. मी नाई म्हणत नाई." मी ते खरंच मानलं. कापणी झाली की आम्ही दरेकशाला जाऊन बोलणी पक्की करायची असं ठरलं. पाद्रीबाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटत होती असं नव्हे. ती माझ्या घरची गोष्ट होती आणि त्यात विशेष काही आहे असं मला वाटत नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या मोठ्या बहिणीची. तिला आम्ही बाई म्हणतो. बाईचा पहिला नवरा तिला मारायचा. एकदा त्याने तिचा हात मोडला आणि तसंच घराबाहेर काढलं. ती चालत माहेरी आली. दोन वर्षांनी आम्ही तिचा पाट लावला, म्हणजे आमच्या रिवाजाप्रमाणे दुसरं लग्न करून दिलं, बिरसीच्या एका विधुराशी. तो भला माणूस निघाला. बाईला तीन मुलं झाली, स्वतःच्या धानाच्या बांध्यांत ती स्वतः रोवणा, म्हणजे लावणी, करायची, आणि तिच्या घरी गेलं की घर हसतंय असं वाटायचं.

तर धड्यातला प्रश्न असा होता: लग्नाची गाठ कधी सुटते? आणि उत्तर: दोघांपैकी एकाच्या मरणानेच.

मी लेखणी खाली ठेवली. बाईची सगळी हकिगत त्यांना सांगितली, मोडलेल्या हातासकट. पाद्रीबाबा शांतपणे ऐकत होते. मी विचारलं की त्यांच्या धर्मात बाई असती तर तिला त्या माणसाकडे परत पाठवलं असतं का. ते ताबडतोब म्हणाले की नाही. अशा घरात राहण्याची सक्ती कोणावरही नाही, ती वेगळी राहू शकते, तिने राहिलंच पाहिजे. पण तो जिवंत आहे तोवर तिला दुसरं लग्न करता येणार नाही.

"म्हणजे माझ्या बहिणीनं काय करायचं?" मी म्हटलं. "जन्मभर भावाच्या घरी भाकरी खायची?"

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग त्यांनी समजावायला सुरुवात केली. ख्रिस्ताला लोकांनी विचारलं होतं की पुरुषाने बायको टाकावी का. त्या काळी टाकायचा अधिकार पुरुषालाच होता, आणि जेवण बिघडलं एवढ्यावरूनही टाकली तर चालतं असं म्हणणारे शास्त्री होते. ख्रिस्ताने त्यांना सरळ नाही म्हटलं. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. पाद्रीबाबा म्हणाले की हा नियम ऐकून त्याच्या शिष्यांनाही धक्का बसला होता, कारण तो आधी पुरुषाचे हात बांधत होता. लग्नाचं वचन हे जोपर्यंत बरं चाललंय तोपर्यंतचं नसतं. तसं असेल तर ते वचनच नाही. आणि तुमच्या बहिणीसाठी दार उघडलं, तर त्याच दारातून उद्या कंटाळलेला नवराही बाहेर पडेल.

मी म्हटलं, "त्या दोरीनं माझ्या बहिणीचेही हात बांधले जातात."

"हो," ते म्हणाले. "मला दिसतं ते. हे हलकं आहे असं मी तुम्हाला कधी सांगणार नाही, मास्टरजी."

त्यांनी यापलीकडे एकही शब्द वाढवला नाही, आणि म्हणूनच मी उठून गेलो नाही. नियमामागचं कारण कळलं होतं, पटलं नव्हतं. अटीप्रमाणे मला लिहिणं भाग होतं. मी लिहिलं. पुढचा प्रश्न मीच विचारला, आणि तो अगदी साधा असल्यासारखा विचारला: मूल झालं नाही तर?

ते म्हणाले की मूल नाही म्हणून लग्नात काही उणं राहत नाही. मूल हे देवाचं दान, त्याची मागणी बायकोकडे करता येत नाही. मग त्यांनी मला लग्नाच्या वेळचं वचन भाषांतर करायला दिलं. सुखात आणि दुःखात, आजारात आणि बरं असताना, मरेपर्यंत मी तुझ्याशी एकनिष्ठ राहीन. आधी नवऱ्याने म्हणायचं, मग बायकोने, तेच शब्द. एकही शब्द कमीजास्त नाही.

पाद्रीबाबांची एक पद्धत होती. नवं पान लिहिलं की ते मी घरी घेऊन जायचं आणि घरातल्या बायकांना वाचून दाखवायचं. त्यांना अडलं तर पान बदलायचं. माय असली पानं ऐकायची नाही. बायको ऐकायची. ती शाळेत गेलेली नव्हती, पण जिथे वाक्य उगाच फुगलेलं असेल तिथे तिचा हात थांबायचा, आणि मला कळायचं.

त्या रविवारी सकाळी ती अंगणात तांदूळ पाखडत होती. मी लग्नाचा धडा वाचला. तिने सूप बाजूला ठेवलं.

"हे मानसालेबी लागू हाय का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, दोघांना सारखं.

"बायकोले आंदीच सांगतेत?"

मी म्हटलं, लग्नाच्या दिवशीच, सगळ्या लोकांसमोर.

ती म्हणाली, "मंग तिले रोज भ्या नाई लागत."

एवढं बोलून तिने सूप पुन्हा हातात घेतलं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तांदूळ पाखडता पाखडता पावसापाण्याबद्दल बोलावं तसं ती बोलली होती. मी तिथेच कागद हातात धरून बसलो. नऊ वर्षं माझी बायको माझ्याच घरात रोज भीत होती. दर महिन्याला भीत होती, माय कोणाकडे पाहुणी गेली की भीत होती, मी गोंदियाहून उशिरा आलो की भीत होती. आणि मी तिच्या शेजारी जेवत होतो, झोपत होतो, आणि तिने 'करून घ्या' म्हटलं ते मी तिची मर्जी समजलो होतो. पाद्रीबाबा मला दोन तास समजावत होते तेव्हा तो नियम माझ्या बहिणीवरचा जुलूम होता. अंगणात वाचला तेव्हा तोच नियम माझ्या बायकोला मिळायला हवा होता आणि मिळाला नव्हता.

मी त्याच दिवशी मायला सांगितलं की दरेकशाचं राहू दे, मी दुसरं लग्न करणार नाही. माय म्हणाली की पाद्र्याने माझं डोकं फिरवलं. एका अर्थाने ते खरंच होतं. ती रडली, तिने माझ्या बापाचं नाव काढलं, वंशाचं काढलं. बायको चुलीजवळ होती आणि तिने सगळं ऐकलं. ती बाहेर आली नाही.

मुलीच्या बापाला शब्द दिल्यासारखाच होता, म्हणून मी एकटाच दरेकशाला गेलो. स्टेशनवरून उतरून जंगलाच्या कडेने त्यांच्या घरी पोचलो. तो माणूस ओसरीवर दोर वळत बसला होता. मी खरं ते सांगितलं: मुलीत काही खोट नाही, माझी बायको आहे आणि मला तीच पुरे. तो रागावला. आधीच का नाही सुचलं, म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. त्याने मला पाणी दिलं, बस म्हटलं नाही. त्याच्या बायकोने मात्र त्याला आत बोलावून काही तरी सांगितलं, आणि तो बाहेर येऊन जरा मऊ आवाजात म्हणाला की मुलीची आई तशीही सवतीवर मुलगी द्यायला राजी नव्हती. पुढच्याच वर्षी त्या मुलीचं लग्न झालं, हे मी मुद्दाम चौकशी करून समजून घेतलं.

माय माझ्याशी होळीपर्यंत बोलली नाही. बायकोशी बोलायची, कारण घर चालायला ते लागतंच.  मी दरेकशाहून परतल्यावर बायको गाणं गुणगुणायला लागली, दळताना, भांडी घासताना. नऊ वर्षांत मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं. तिला गाता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मधल्या काळात मी बिरसीला गेलो आणि बाईला पाद्रीबाबांचा नियम सांगितला. ती चिखलातून आलेली, पाय धूत होती. म्हणाली, "त्याले म्हना, माह्या पहिल्या नवऱ्याच्या घरी एक महिना राहून पाय. मंग लिही." मी हा निरोप जसाच्या तसा पाद्रीबाबांना दिला. ते हसले नाहीत. त्यांनी बाईच्या मुलांची नावं विचारली, नवरा बरा वागतो ना ते विचारलं. मग म्हणाले की वसाहतीतही मार खाणाऱ्या बाया आहेत, आणि गाठ सुटत नाही याचा अर्थ मार खात राहायचं असा त्या लावत असतील. जुन्या पुस्तकात यावर काहीच नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून एक प्रश्न वाढवला. नवरा जिवावर उठला तर बायकोने त्याच्याच घरी राहिलं पाहिजे का? उत्तर: नाही, तिने वेगळं राहावं, आणि लोकांनी तिला आसरा द्यावा. वरून, बिशपांकडून, परवानगी यायला चार महिने लागले, पण आली. ते वाक्य माझं आहे, आणि ते बाईमुळे आहे. पाट लावण्याबद्दल मात्र त्यांनी एक अक्षर हलवलं नाही, आणि मीही माझं मत हलवलं नाही.

पुस्तक पुरं झालं, पण मी शनिवारी जातच राहिलो. मग पाद्रीबाबांची बदली झाली. शेवटच्या भेटीत मी त्यांना दरेकशाची सगळी गोष्ट सांगितली. ते इतके चकित झाले की उभे होते ते खुर्चीत बसले. म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्या बहिणीसाठी उत्तर शोधत होतो. ते मला सापडलं नाही. आणि तुम्ही दुसराच प्रश्न विचारत होतात?" मी म्हटलं, तेव्हा मलाही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या बायकोला नमस्कार सांगितला. स्टेशनवर वसाहतीतली माणसं जमली होती. त्या गर्दीत मी एकटा हिंदू होतो, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आम्हाला मूल झालं नाही. कोणी असं समजू नये की मी दुसरं लग्न केलं नाही म्हणून देवाने बक्षीस दिलं. बाईची मधली मुलगी शाळेसाठी आमच्याकडे आमगावला राहिली, मराठी सातवी पास झाली, आणि तिच्यामुळे घर भरलेलं राहिलं. माय शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती. तिचं सगळं माझ्या बायकोने केलं. एकदा शेजारीण समाचाराला आली असताना माय तिला म्हणाली की माझ्या सुनेचे हात फार हलके आहेत, दुखत नाही. बायकोला ते ऐकू गेलं. त्या दिवशी तिने मायला न विचारता तिच्या डाळीत तूप जास्त घातलं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी पाद्रीबाबांचं पत्र आलं, मराठीत, दोन ठिकाणी अनुस्वार चुकलेलं. त्यांची नजर अधू झाली होती. मी त्यांना धर्म न बदलता एवढी वर्षं समजून घेतलं, याबद्दल त्यांनी आभार मानले होते. मला ते वाचून अवघडल्यासारखं झालं, कारण आभार मी मानायचे होते. मी सविस्तर उत्तर लिहिलं. बायकोची खुशाली कळवली, भाची पास झाल्याचं कळवलं, आणि त्यांनी मला एकदाही पटलंय असं म्हणायला लावलं नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे असं लिहिलं. बाईच्या बाबतीत ते चुकतात असं मला अजून वाटतं, हेही लिहिलं. पत्र टाकण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाईचं राहू द्या त्यात, काढू नका. मी ते तसंच ठेवून पाकीट बंद केलं.